उलटी छत्री

जे आहे ते आहे म्हणावे, जे नाही ते नाही म्हणावे, आणि जे कळले नाही ते कळले नाही असे सांगायची लाज वाटू देऊ नये, एवढाच धर्म बाईंनी जन्मभर पाळला होता. आणि तो पाळणे सोपे आहे, असे त्यांना निवृत्त होईपर्यंत वाटत आले होते. महाविद्यालयात त्या प्राणिशास्त्र शिकवीत. अभ्यासाचा विषय कोळी, जाळी विणणारे आणि न विणणारेही. परीक्षेत एखाद्याने अंदाजाने बरोबर उत्तर लिहिले, तर त्याला त्या गुण देत, पण मग बोलावून घेऊन शांतपणे सांगत, "हे तुला माहीत नव्हतं." विद्यार्थी त्यांना भीत आणि पुढे जन्मभर त्यांची आठवण काढीत.

निवृत्तीनंतर त्यांना एक काम चालून आले. एका संरक्षित अरण्यात जे जे जिवंत आहे त्याची जातवार नोंद करायची होती. शेवाळापासून गव्यापर्यंत, काहीही न वगळता. परमेश्वराने निर्माण केले आणि माणसाने ज्याची साधी विचारपूसही केली नाही, असे किती जीव या एका दरीत राहतात ते पाहावे, हा विचारच बाईंना पूजेसारखा वाटला. त्यांनी होकार कळवला, आणि घरी मागाहून सांगितले.

अरण्याच्या तोंडाशी एक जुने विश्रामगृह होते. तिथल्या जेवणघराची प्रयोगशाळा झाली. लांब टेबलावर भिंगे, चिमटे, मद्यार्काच्या कुप्या आणि टिपकागदाच्या चळती मांडल्या गेल्या, आणि ज्याने त्याने आपापला कोपरा अडवला. माणसे आपापल्या प्राण्यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. मुंग्यांचा अभ्यास करणारा, चाळिशीतला, सदा हसणारा गृहस्थ मुंगीमास्तर झाला. पक्षी नुसत्या आवाजावरून ओळखणारे एक वृद्ध गृहस्थ पक्षीबुवा झाले. बाईंना कोणी अष्टपादबाई म्हणून पाहिले, पण त्यांच्या नजरेला नजर देऊन ते नाव दुसऱ्यांदा उच्चारायची कोणाची छाती झाली नाही. त्या नुसत्या बाईच राहिल्या.

कामाचा नियम कडक होता. नमुना हाती असेल तर प्रश्नच नव्हता. पण जे हाती धरता येत नाही, म्हणजे उडून गेलेला पक्षी किंवा नुसता ऐकलेला आवाज, ते दोघांनी अनुभवलेले असले पाहिजे आणि दोघांनी त्याखाली सही केली पाहिजे. एकट्याने ऐकलेले ऐकलेले नव्हे. हा नियम सर्वेक्षण-प्रमुखांनी केला असला तरी बाई तो असा पाळीत, की जणू त्यांनीच केला होता.

बाईंच्या बरोबर त्यांचे यजमानही आले होते. ते लेखापरीक्षक म्हणून निवृत्त झाले होते, आणि दुसऱ्याची चूक काढण्याची हातोटी त्यांनी कचेरीत परत केली नव्हती. चहा त्यांना कधी पाणचट लागे, कधी कढलेला लागे; बरा लागल्याची नोंद नाही. चालताना ते बाईंच्या चार पावले पुढे चालत आणि मागे वळून "आवर की" म्हणत. मंडळी त्यांना साहेब म्हणत, अर्धे आदराने आणि अर्धे गमतीने, आणि त्यातले कोणते अर्धे कोणते हे ओळखण्यात त्यांचा दिवस जाई.

कोळी गोळा करण्याची एक जुनी, बिनखर्चाची रीत आहे. पांढरी छत्री उघडायची, उलटी करून झुडपाखाली धरायची, आणि वरच्या फांदीवर काठीने ठोके द्यायचे. फांदीवर जे जे वस्तीला असेल ते छत्रीत येऊन पडते. ही छत्री आणि काठी यजमानांकडे होती. त्यांचे ठोके बाईंना पाठ झाले होते: टक, टक, मग एक सुस्कारा मावेल एवढी उसंत, आणि मग तिसरा, रागाचा, टक्. त्या उसंतीत ते मनात काय म्हणत असतील, ते बाईंना इतक्या वर्षांच्या संसारामुळे न सांगता कळे.

"लोक निवृत्त झाल्यावर नातवंडं खेळवतात," ते एकदा म्हणाले. "मी कोळी पाडतोय."

"नात आहे की. खेळवायला कोणी अडवलंय?"

यजमानांनी काठी उचलली आणि पुढची फांदी ठोकली. मुलीने त्यांना न विचारता लग्न केले होते, आणि त्या दिवसापासून त्यांनी तिच्याशी बोलणे सोडले होते. नात चालू लागली, बोलू लागली, तरी आजोबांचा अबोला काही सुटला नव्हता. बाईंच्या आयुष्यात एकच गोष्ट अशी होती की जी त्या देवाजवळ मागत; ती म्हणजे हा अबोला सुटावा. बाकी सगळे त्या स्वतः करून घेत.

एके दिवशी मुंगीमास्तरांनी मोठ्या डौलाने एक कुपी बाईंच्या टेबलावर ठेवली. दरीतल्या एका झाडावर मिळालेली काळी मुंगी, अशी चिठ्ठी वर होती. बाईंनी भिंग डोळ्याला लावले आणि कुपी सावकाश फिरवून पाहिली.

"काय हो बाई, आवडली ना आमची मुंगी?"

"छान आहे. फक्त तिला आठ पाय आहेत."

जेवणघरात असा हशा उसळला की पक्षीबुवांच्या खिडकीतला बुलबुल उडून गेला आणि ते सगळ्यांवर रागावले. मास्तरांनी कान धरले. मग बाईंनी सगळ्यांना बोलावून तो जीव दाखवला. हा कोळी मुंग्यांमध्ये मुंगीसारखा राहतो. कंबर तशीच बारीक, चाल तशीच घाईची; पुढचे दोन पाय तो जमिनीला लावीत नाही, तोंडापुढे उचलून हलवीत राहतो, म्हणजे ते मुंगीच्या मिशांसारखे दिसावेत.

"मग ओळखायचा कसा?" मास्तरांनी विचारले. "माझ्यासारख्या गरिबानं?"

"पडताना पाहायचा. फांदीला ठोका दिला की मुंगी दाण्यासारखी छत्रीत पडते. हा पडत नाही. फांदीला धागा चिकटवतो आणि अधांतरी लोंबकळतो. पण नजर त्याच क्षणी तिथं हवी. नंतर पाहिलं तर काही कळत नाही."

"आणि मुंग्या? त्यांच्या घरात राहतो, त्यांना पत्ता लागत नाही?"

"लागत असावा," बाई म्हणाल्या, आणि त्यांचा स्वर वर्गात होत असे तसा कोरडा झाला. "पण तो भांडत नाही, कोणाच्या वाटेला जात नाही. सोय झाली की डोळे मिटायला किती वेळ लागतो? मुंग्याच त्या."

यजमान दारात उभे होते. "चहा मिळणार आहे का आज," ते म्हणाले, "की त्यालाही पाय मोजून झाल्यावर?"

त्याच आठवड्यात दरीत भांडण झाले. कारण सांगण्यासारखे नव्हते. संसारातल्या मोठ्या भांडणांची कारणे सांगण्यासारखी नसतातच. ऊन कडक होते, ओढ्याकाठच्या झुडपांत चढउतार फार होते, आणि यजमानांनी ठोका देताना छत्री इतकी कलती धरली की तिच्यात पडलेला एक दुर्मिळ जीव गवतात निसटला.

"सरळ धरायला काय होतं?"

"तुझ्या आठ पायांपायी माझे दोन पाय गेले," यजमान म्हणाले. "मी काय तुझा गडी आहे? मी इथून हलणार नाही आता. बसतो इथंच."

"बसा मग," बाई म्हणाल्या. त्यांचा तोल कधी जात नसे. त्या दिवशी गेला. "राहा इथंच. मी जाते."

आणि त्या खरोखरच निघाल्या. मागे वळून पाहिले नाही. चढणीच्या वळणापर्यंत त्यांना मागून काठीचे ठोके ऐकू येत होते. कोणी फर्मावलेले नसताना, नुसते रागापोटी दिलेले.

शब्द तोंडातून गेला की तो आपला राहत नाही, हे सांगणारे पुष्कळ असतात. तो शब्द कोणीतरी ऐकत असते, हे फारसे कोणी सांगत नाही.

सूर्य डोंगराआड जाता जाता यजमान परत आले. बाई अंगणात येरझारा घालीत होत्या, आणि प्रमुख विजेरी शोधीत होते. यजमान फाटकातून आत शिरले, बाईंसमोर उभे राहिले, आणि हसले.

"उशीर झाला," ते म्हणाले. "तुला काळजी वाटली असेल."

इतक्या वर्षांत हे वाक्य त्यांनी उच्चारले नव्हते. बाईंनी विचारले, "छत्री कुठंय?"

"राहिली तिथं."

"आणि काठी?"

"तीही राहिली," यजमान म्हणाले, आणि पुन्हा हसले.

त्यानंतरचे दिवस बाईंच्या आयुष्यातले सर्वांत सुखाचे होते, आणि हे लिहिताना कोणतीही अतिशयोक्ती होत नाही. यजमान बदलले. चहा ते दोन्ही हातांनी घेत आणि छान झाला म्हणत. कधी कधी कप गार होईपर्यंत हातातच राही, पण तक्रार नसे. फिरायला निघाले की ते बाईंच्या दोन पावले मागे चालत. घोरणे थांबले; बाईंना इतकी शांत झोप लागू लागली की सकाळी त्यांना पाखरांच्याही आधी जाग येई, आणि शेजारी यजमान डोळे उघडे ठेवून, प्रसन्न चेहऱ्याने छताकडे पाहत पडलेले असत.

"झोप झाली का?" त्या विचारीत.

"तुझी झाली ना," ते म्हणत.

सगळ्यांत मोठे नवल म्हणजे ते प्रश्न विचारू लागले. आपण पहिल्यांदा कुठे भेटलो, तेव्हा मी काय बोललो, माझी आई कशी होती, मुलगी लहानपणी कशाला घाबरायची. बाईंना वाटले, माणूस उशिरा का होईना जुन्या गोष्टी उजळून पाहतो आहे. ज्या गोष्टी ऐकायला आजवर कोणाला सवड नव्हती त्या त्यांनी भरभरून सांगितल्या. यजमान ऐकत. ऐकताना त्यांचे दोन्ही हात छातीपुढे किंचित उचललेले असत आणि बोटे अगदी हळू हलत असत, जणू ते हवेची चौकशी करीत आहेत. पूर्वी ते हात पाठीमागे बांधून उभे राहत. ही एक नवी सवय बाईंच्या लक्षात आली, कारण अशा गोष्टी लक्षात येणे हाच त्यांचा व्यवसाय होता.

"आणि मला राग आला की मी काय करतो?" त्यांनी एका दुपारी विचारले.

बाई पोट धरून हसल्या. "काय करत नाही ते विचारा! भुवया अशा करता. नाकानं सुस्कारा टाकता. मग जे हातात असेल ते आपटता."

"अशा?" यजमानांनी भुवया उंचावल्या.

"नाही हो. आत. आत ओढा."

त्यांनी आत ओढल्या. बाईंनी टाळी वाजवली.

मग मुलीचा फोन आला. विश्रामगृहात फोन लागत नसे. दरीच्या वाटेवर जिथे उतरण सुरू होते, त्या वळणावर तेवढा तो लागे, आणि सगळी मंडळी संध्याकाळी तिथे रांग लावीत. बाईंनी फोन कानाला लावला तेव्हा मुलगी रडत होती, आणि रडता रडता हसत होती.

"आई, बाबांनी फोन केला होता काल. चुकलं म्हणाले. आई, बाबा! माझ्या चिमणीशी, तुझ्या नातीशी, इतका वेळ बोलले की फोन तापला. तिनं विचारलं, आजोबा तुम्ही कधी येणार, तर म्हणाले, तुझी आजी आणेल तेव्हा. तू काय जादू केलीस ग?"

"मी काही केलं नाही," बाई म्हणाल्या. ते खरे होते, आणि खरे बोलून प्रथमच त्यांना बरे वाटले नाही.

याच सुमारास पक्षीबुवांचे चित्त एका सुताराने चोरले. ओढ्याच्या बाजूने त्यांना सकाळी झाडावर चोच मारल्याचा आवाज येऊ लागला. ही घाईची टकटक नव्हती, ती सावकाश होती. त्यांच्या मते हा मोठा सुतारपक्षी होता, जो या अरण्यात पूर्वी होता म्हणतात आणि आज जिवंत माणसांपैकी कोणी पाहिलेला नाही. पण तो आवाज पक्षीबुवा एकटे असतानाच येई. साक्षीला दुसरा कान मिळेना. म्हाताऱ्याने सगळ्यांच्या विनवण्या केल्या.

"अरे, या रे कोणीतरी माझ्याबरोबर! पहाटे नको, न्याहारी करून या."

"बुवा, तुमचं वय झालं. कानात मुंगी गेली असेल," मास्तर म्हणाले. "आठ पायांची."

बाईंनी तो आवाज एका सकाळी ऐकला. त्या व्हरांड्यात नमुन्यांच्या चिठ्ठ्या लिहीत होत्या, वारा दरीकडून होता. टक, टक. मग उसंत. मग टक्. त्यांची लेखणी चिठ्ठीवर थांबली आणि शाईचा एक ठिपका मोठा होत गेला. समोर पायरीवर यजमान उन्हात बसून टिपकागद वाळवीत होते. त्यांनीही मान वर केली होती. ते लक्ष देऊन ऐकत होते, शाळेत नवी कविता ऐकणाऱ्या मुलासारखे. बाईंनी ठिपका पडलेली चिठ्ठी फाडली आणि दुसरी लिहिली. त्या दिवशी पक्षीबुवांनी विचारले, तेव्हा त्या "माझं लक्ष नव्हतं" असे म्हणाल्या.

पुढची गोष्ट मुंगीमास्तरांनी चहाच्या वेळी, हसत हसत काढली.

"साहेब, आमच्यावर राग का म्हणे? सकाळी ओढ्याकाठी मी हाक मारली, तर तुम्ही ढुंकूनही पाहिलं नाहीत. पाठ करून बसलात ते बसलात. मांडीवर ती छत्री, उलटी. मी म्हटलं, राहू दे बुवा, नवराबायकोचं काही बिनसलं असेल, आपण मध्ये पडायचं नाही."

सकाळभर यजमान बाईंच्या शेजारी बसून होते. बाईंनी हातातला कप बशीत ठेवला.

"हो," यजमान म्हणाले, आणि त्यांनी भुवया आत ओढल्या. "जरा रागातच होतो मी."

"बघा! मी म्हटलं नव्हतं?" मास्तर सगळ्यांकडे पाहत म्हणाले.

सगळे हसले. यजमानांनी बाईंकडे पाहिले. उत्तर बरोबर आले का, अशा नजरेने. बाई बोलल्या नाहीत. त्यांनी एका शब्दाचेही असत्य उच्चारले नव्हते. पण न बोलण्याचाही हिशेब कुठेतरी राहतो, हे त्या विद्यार्थ्यांना सांगत आल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवाचे नाव घेऊन त्या एकट्याच दरीकडे निघाल्या. जे असेल ते जाऊन पाहायचे, एवढाच निश्चय होता; त्यात भीतीला किंवा सुखाला जागा नव्हती. आपण ज्याला तिथे राहा म्हणालो, त्याला ये म्हणायचे. वळणावर पोहोचल्या तेव्हा खालून ठोके स्पष्ट येत होते. अजून दोन हाका मारण्याएवढे अंतर होते. त्यांनी पदर खोचला, उतरणीवर एक पाय टाकला, आणि पिशवीतला फोन वाजला. वळणावर तो वाजणारच.

"आजी," नात म्हणाली, "आजोबांसाठी मी खुर्ची सजवली. खिडकीजवळ. त्यांना ऊन आवडतं ना? ते म्हणाले मला. तू आणतेस ना त्यांना? नक्की?"

खाली ठोके थांबले. कोणी कान देऊन ऐकत असावे, तसे थांबले.

"नक्की," बाई म्हणाल्या. "आणते."

फोन त्यांनी पिशवीत ठेवला. मग उतरणीवरचा पाय त्यांनी मागे घेतला. परत जाताना त्यांना मागून पुन्हा टकटक ऐकू आली, आणि त्या जरा भरभर चालू लागल्या.

काम संपत आले. शेवाळे, गवते, किडे, सरडे, सगळे आपापल्या नावानिशी कुप्यांत आणि कागदांत जाऊन बसले. बांधाबांध सुरू झाली. वरच्या फळीवरच्या मोठ्या बरण्या काढायला यजमान स्टुलावर चढले. त्या स्टुलाचा एक पाय आखूड होता. सगळ्यांना ठाऊक होते, यजमानांना नसावे. बाई खाली उभ्या राहून बरण्या घेत होत्या. मग स्टूल कलले.

त्या क्षणी बाईंना सगळे स्वच्छ दिसले: कलते स्टूल, सुटलेला हात, भिंत सोडून मागे झुकलेले अंग. काहीही ओरडायच्या आधी त्यांना आपलेच वाक्य आठवले. नजर त्याच क्षणी तिथं हवी. नंतर पाहिलं तर काही कळत नाही.

बाईंनी डोळे मिटले.

स्टूल फरशीवर आपटल्याचा मोठा आवाज झाला. दुसरा आवाज झाला नाही. बाई वाट पाहत राहिल्या. जेवढा वेळ पाहायला हवी होती त्याहून जास्त, अगदी प्रामाणिकपणे जास्त.

"उघड की डोळे," यजमान मायेने म्हणाले. "मी पडलो नाही."

ते समोर उभे होते, बरणी हातात, केससुद्धा विस्कटले नव्हते. बाईंनी स्टूल उचलून भिंतीशी ठेवले. वर छताकडे पाहिले नाही. त्या दिवशी त्यांनी चहात दोन चमचे साखर जास्त घातली, आणि यजमानांनी तो छान झाला म्हटले.

निघायच्या सकाळी गाड्या अंगणात लागल्या. हवा निर्मळ होती आणि सगळ्यांना घरी जायचे असल्यामुळे सगळे एकमेकांशी फार प्रेमाने वागत होते. मास्तरांनी बाईंना ती आठ पायांची मुंगी भेट दिली, चिठ्ठीवर "चुकीबद्दल क्षमस्व" असे लिहून. बाई मागच्या आसनावर यजमानांशेजारी बसल्या होत्या. चालक किल्ली फिरवणार, तोच पक्षीबुवा हातातला कागद फडकावीत धावत आले. त्यांच्या वयाला ते धावणे शोभत नव्हते.

"थांबा! थांबा रे! ऐका!"

सगळे ऐकू लागले. या वेळी तो आवाज दरीतून येत नव्हता. फाटकापलीकडे जी पहिली दाट झाडी होती तिथून, अगदी जवळून येत होता. टक, टक. उसंत. टक्.

"ऐकलंत ना बाई?" पक्षीबुवांचे डोळे पाण्याने भरले होते. "आला बिचारा निरोप द्यायला. एवढी एकच नोंद राहिली होती माझी. करा सही, म्हणजे यादी पुरी झाली. तुमची सही म्हणजे काय, तिच्यावर पुन्हा कोणी बोट ठेवणार नाही."

कागदावर मोठ्या सुतारपक्ष्याचे नाव लिहिले होते. खाली दोन रेघा होत्या. एकीवर पक्षीबुवांची सही. बाईंनी झाडीकडे पाहिले. तिथे पानांत काहीतरी पांढरे होते, एखाद्या मोठ्या फुलासारखे, वर तोंड करून उमललेले. मग त्यांनी कागदाकडे पाहिले. जन्मभरात त्यांनी न ओळखलेल्या गोष्टीखाली सही केली नव्हती. आणि आजही, काटेकोरपणे पाहू गेले तर, ती त्यांनी न ओळखलेल्या गोष्टीखाली केली नाही.

सही नेहमीसारखी आली, सुवाच्य आणि एका रेघेत.

"सुतारच," त्या म्हणाल्या.

पक्षीबुवांनी कागद कपाळाला लावला. मास्तरांनी टाळ्या वाजवल्या. गाडी निघाली. फाटकाशी वेग मंदावला तेव्हा ठोके इतके जवळ आले की ते काचेवर पडत असावेत असे वाटले. बाईंनी आपल्या बाजूची काच वर चढवली, पूर्ण.

यजमान कान देऊन ऐकत होते. त्यांचे दोन्ही हात छातीपुढे उचललेले होते. मग त्यांनी एक बोट हळूच काचेवर टेकवले आणि ठोके देऊन पाहिले. टक, टक, टक. बाईंकडे वळून पाहिले. पुन्हा दिले. टक, टक, टक.

बाईंनी समोर पाहिले. रस्ता सरळ होता, ऊन छान पडले होते, आणि घरी खिडकीजवळ एक खुर्ची सजून तयार होती. त्यांनी यजमानांचे बोट हातात घेतले. ते गार नव्हते, गरमही नव्हते.

"असं नाही," त्या हळू आवाजात म्हणाल्या, जशा वर्गातल्या मागे पडलेल्या मुलाला सांगत. "दोन झाले की थांबायचं. सुस्कारा टाकायचा. मग तिसरा."

यजमानांनी दोन ठोके दिले. थांबले. नाकाने सुस्कारा टाकला. मग तिसरा दिला.

बाहेरचे ठोके बंद झाले.